आधी पत्रा, मग कागद, शेवटी इंजिन: सीमाभागात जुन्या फियाटच्या शोधात

सीमाभागात जुनी गाडी शोधायला निघणाऱ्याने आधी पावसाचा विचार करावा, जाहिराती नंतर बघाव्यात. बेळगाव जिल्ह्याची पश्चिम कड, म्हणजे खानापूर, जांबोटी, कणकुंबी, सह्याद्रीला चिकटलेली. तिथं पावसाळाभर भिंतींची ओल जात नाही, मग शेडमध्ये उभ्या गाडीची काय कथा. उत्तरेला चिक्कोडी, कागवाड, अथणी हा सगळा कोरडा मुलूख. फियाट ११०० ला जीपसारखी खालची वेगळी चासी नसते. पत्र्याचं खोकं हीच तिची चासी, त्यामुळे पत्रा सडला म्हणजे गाडीच सडली. एवढं कळलं की कुठल्या दिशेला पेट्रोल जाळायचं ते ठरतं.

मला हवी होती डिलाइट. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. पुढची दारं उलटी उघडणारी ती पहिली गोल गाडी म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’. १९६४ ला डिलाइट आली, १९७२ ला तीच प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. डुक्कर फियाटचे भाव आता हौशी लोकांनी चढवून ठेवलेत आणि पद्मिनी अजून बऱ्यापैकी मिळतात. मधली डिलाइट मात्र कुणाच्या फारशी लक्षात नसते, म्हणून ती परवडते. हे माझं मत. डुक्करवाले भांडतील.

जाहिरातींवर वेळ घालवू नका. तिथली गाडी आधीच दोन दलालांच्या हातून गेलेली असते. खरी माहिती असते ती जुन्या मेस्त्रींकडे, रेडिएटर झाळणाऱ्यांकडे, कुशनवाल्यांकडे आणि बॅटरीच्या दुकानात. बंद पडलेल्या गाडीलाही मालक अधूनमधून बॅटरी घालून बघतो, त्यामुळे बॅटरीवाल्याला गावातली प्रत्येक झाकलेली गाडी माहीत. बेळगावच्या शहापुरातले एक मेस्त्री, सगळे त्यांना मामाच म्हणतात, माझ्याबरोबर यायला तयार झाले. त्यांची फी म्हणजे जेवण आणि परत येताना घरच्यांसाठी कुंदा.

खानापूरकडची गाडी लांबून फार देखणी होती. क्रीम रंग, नवं क्रोम, सीटवर प्लॅस्टिक. मामांनी बॉनेट उघडायच्या आधी खिशातून फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक काढला आणि दाराच्या खालच्या कडेला लावला. पडला. फूटबोर्डच्या पट्टीला लावला, पडला. चाकावरच्या कमानीलाही धरेना. म्हणजे रंगाखाली पत्रा कमी आणि लांबी, म्हणजे पुट्टी, जास्त. मी तोवर इंजिनाचा आवाज ऐकत होतो, आवाज झकास होता. मामा म्हणाले, “इंजिनचं काय ऐकालासा? इंजिन उद्यमबागेत हुतंय. पत्रा कोण करून देणार?” उद्यमबाग म्हणजे बेळगावची कारखान्यांची वसाहत. मामांच्या या एका वाक्यावर पुढची सगळी शोधाशोध चालली.

लोहचुंबक कुठं लावायचा ते सविस्तर लिहितो, कारण पैसे इथंच बुडतात. दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पट्ट्या. चारी दारांच्या खालच्या कडा, कारण काचेतून उतरलेलं पाणी तिथं साठतं. हेडलाइटच्या मागचा खोबणीचा भाग. बॅटरीखालचा ट्रे. डिकीत स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डा. मग पायाखालची मॅटिंग उचला, मालक नको म्हणाला तरी उचला, आणि ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा अंगठ्याने दाबा. शेवटी सतरंजी घालून गाडीखाली झोपा आणि मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथं बॉडीला बसतात ती जागा टॉर्चने बघा. तिथं पत्र्यावर पत्रा डकवून वेल्डिंग केलेलं असेल तर चहा पिऊन निघा. वरची भोकं डेंटर बुजवतो. पाट्याची जागा गेली तर गाडी सरळ चालत नाही.

निपाणीला दोन गाड्या बघितल्या. तंबाखूच्या व्यापारामुळे या गावात पूर्वीपासून पैसा, त्यामुळे जुन्या वाड्यांत गाड्या अजून निघतात. पहिली तर कुणीतरी वरातीला भाड्याने द्यायला छप्पर कापून उघडी केलेली. नवरा-नवरीला हात हलवायला बरी, पण खोक्याचं झाकणच कापल्यावर त्यात जोर काय राहणार? दारं नीट लागत नव्हती, बॉडी मधून लचकलेली. असली गाडी फुकट मिळाली तरी नको.

दुसरी पद्मिनी चांगली होती, पण कागद बघितल्यावर डोकं धरलं. नंबर कोल्हापूरचा, एमएच-०९, आणि गाडी कितीतरी वर्षं निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथं नोंदणी करून घ्यावी लागते, हे सीमेवरच्या लोकांना ऐकून माहीत असतं, करत कुणी नाही. ती गाडी माझ्या नावावर करायची तर आधी कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग कर्नाटकाचा टॅक्स भरून इकडचा नवा नंबर. त्यातून मूळ मालक कोण, तर ज्यांच्याकडून यांनी स्टॅम्पपेपरवर घेतली ते. नुसत्या स्टॅम्पपेपरवर तीन हात फिरलेली गाडी मालकीची होत नाही. विकणारे काका मनाने चांगले होते. म्हणाले, “गाडी आमचीच हाय की हो, खरं कागद त्यांच्या नावावर हाय.” ‘खरं’ म्हणजे इकडच्या बोलीत ‘पण’. या ‘खरं’ मध्येच सगळा घोटाळा.

पुण्या-कोल्हापूरहून इकडे गाडी घ्यायला येणाऱ्यांना हेच उलट्या दिशेने लागू आहे. इकडच्या जुन्या पाट्यांचं फार आकर्षण असतं. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, मग म्हैसूर राज्यात गेलं आणि त्या राज्याचं नाव १९७३ ला कर्नाटक झालं. त्यामुळे ‘एमवाय’ ने सुरू होणारी पाटी म्हणजे म्हैसूर राज्याच्या काळातली. पण गाडी महाराष्ट्रात नेऊन तिथं रीतसर नोंदवली की सहसा तिकडचा नवा नंबर मिळतो. पाटीसाठी जादा पैसे मोजत असाल तर आधी आपल्या आरटीओत विचारून घ्या.

शेवटी मनासारखी डिलाइट मिळाली ती चिक्कोडी तालुक्यात, एका डॉक्टरांच्या घरी. कृष्णा आणि दूधगंगेच्या पट्ट्यात ‘कोरडा मुलूख’ या माझ्या सिद्धांताला एक पुरवणी जोडावी लागते: पाऊस कमी असला तरी पूर येतो. २०१९ चा पूर इथं अनेक गावांत घरात शिरला होता. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, की पाणी कुठवर आलं होतं? घरच्यांनी लपवलं तरी शेजारी सांगतात, आणि भिंतीवरची रेघही सांगते. गाडीत शिरलेला गाळ सीटच्या स्प्रिंगांत, डॅशबोर्डच्या मागे वायरींत आणि हेडलाइटच्या वाटीत सापडतो. हे घर उंचावर होतं, वायरिंगवर धूळ होती, गाळ नव्हता.

डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झालेली. व्हिजिटला जायची ती हीच गाडी, त्यामुळे पंचक्रोशीत सगळ्यांना तिची ओळख. आजींनी आधी आमचीच चौकशी केली: कुठले, कुणाचे, गाडी घेऊन वरातीला देणार की काय? नाही म्हटल्यावर किल्ली आली. लोहचुंबक जवळजवळ सगळीकडे धरला, एका दाराची कडा आणि स्टेपनीचा खड्डा सोडून. इंजिन बंद होतं, पण मामांनी टॉप गिअर टाकून गाडी हळूच पुढे ढकलायला लावली आणि पंखा फिरला. म्हणजे पिस्टन चिकटलेले नव्हते. इतकं पुरे. बरीच वर्षं उभ्या गाडीला त्याच दिवशी बॅटरी लावून सेल्फ मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक रात्र राहू द्या, मग हाताने फिरवा.

किंमत इथं लिहीत नाही, घरच्यांना तसा शब्द दिलाय. अंदाज हवा असेल तर एवढं सांगतो, की घेण्याला जितके लागले तितकेच दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. तेवढे बहुधा लागतातच.

मालक हयात नसेल तर वारसांचं प्रकरण सौद्याच्या आधी मिटवा. गाडी आधी वारसाच्या नावावर (फॉर्म ३१, मृत्यू दाखला, बाकीच्या वारसांची संमती) आणि मग तुमच्या नावावर (फॉर्म २९ आणि ३०). इथं तीन भाऊ होते, त्यातला एक पुण्यात. शेतीची वाटणी झाली, घराची झाली, गाडी मात्र तिघांचीही आणि कुणाचीच नाही. पुण्याच्या भावाची सही येईपर्यंत इसारापलीकडे एक रुपयाही द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं आणि त्यांनाही ते पटलं.

दुसरी अडचण सरकारी संगणकाची. इतक्या जुन्या गाड्यांची नोंद बहुतेक वेळा जाडजूड रजिस्टरांतच असते, ‘वाहन’ प्रणालीत नसते. ती आधी बॅकलॉग म्हणून चढवावी लागते आणि त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. आरसी बुक हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार देऊन दुसरी प्रत काढावी लागते. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून छाप घ्या आणि आरसी बुकाशी अक्षर अन् अक्षर जुळवा. इंजिन नंबरही बघा, कारण पद्मिनींत नंतर डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत आणि आरसीत मात्र पेट्रोलच लिहिलेलं असतं. आरटीओतल्या पाट्या, सूचना बऱ्याचशा कन्नडमध्ये. कन्नड वाचता येणारा माणूस बरोबर न्या, आणि निदान ‘हौद्री’ (होय जी) म्हणायला तरी शिका, कामं जरा लवकर होतात.

व्हिंटेज नोंदणी करावी का, हे सारखं विचारलं जातं. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. मला रविवारी सकाळी बेळगावजवळच्या काकतीपर्यंत जाऊन यायचं असतं, म्हणून मी साधं नूतनीकरणच केलं. ज्याला गाडी फक्त मिरवायची आहे त्याने जरूर व्हीए घ्यावी.

आणायला चौदा फुटी आयशर केला. फियाट चार मीटरच्या आतली, आरामात बसते. चालवत आणायचा मोह होतो, पण चारी चाकांना ड्रम ब्रेक, तेही गंजलेले, आणि निपाणीकडून यायचं तर मध्ये तवंदी घाट. नको. उसाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, चिक्कोडी-रायबागच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर बिनदिव्यांचे चालतात, तेव्हा अंधार पडायच्या आत परत फिरा. १ नोव्हेंबरला बेळगावात काम काढू नका: एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी, ऑफिसं बंद. डिसेंबरात सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉजमध्ये खोली मिळत नाही.

इंजिनाचं मामा म्हणाले तसंच झालं. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीनशॉप इतकी, की बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, न मिळणारी बुश नव्याने लेथवर काढून घेणं, सगळं एका गल्लीत होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते याच गावात, लोखंडाची सवय इथं जुनी आहे. किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात ते खिळे, आणि त्याच्या बुश मात्र कुर्ल्याहून मागवल्या. दारांच्या रबरी पट्ट्यांसाठी आणि मागच्या दिव्यांच्या काचांसाठीही मुंबईच गाठावी लागते.

एक काम दुरुस्तीच्या यादीत बहुतेक जण विसरतात. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, अर्धी टाकी हवेतलं पाणी ओढते आणि आतून गंजते. माझ्या गाडीची टाकी सध्या झाळायला दिली आहे. ती आली की चिक्कोडीच्या आजींना एक चक्कर द्यायची आहे, तसं त्यांनी सौद्याच्या वेळीच कबूल करून घेतलंय.