टायर घासण्याचे रविवार

दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये एक बादली, एक फाटका बनियन आणि मी. ही सवय बाबांची. स्कूटर धुवायची ती चाकांसकट, असा त्यांचा दंडक होता. साबणाचं पाणी आणि नारळाची शेंडी घेऊन टायर घासायचा, तो काळा कुळकुळीत झाला की मगच चहा. आमच्या सदाशिव पेठेत माणसाची पारख त्याच्या गाडीच्या चाकांवरून होते असं त्यांचं ठाम मत होतं.

पण दोन-तीन आठवडे जात नाहीत तोवर टायरच्या कडेला पुन्हा तपकिरी छटा चढायची. शेंगदाण्याच्या सालीसारखी. बोट फिरवलं की बोटाला लागायची. मी ती धूळ समजायचो. पुण्यात कुठल्याही गोष्टीला धूळ हे कारण चालून जातं.

गेल्या मे महिन्यात मागच्या चाकातली हवा सारखी उतरायला लागली, म्हणून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने पाण्यात ट्यूब बुडवण्याआधी टायरची कड दोन्ही अंगठ्यांनी दाबली. सरळ असताना गुळगुळीत दिसणाऱ्या त्या रबरात केसाएवढ्या शेकडो भेगा उघडल्या, उन्हाळ्यात तळ्याचा तळ फाटतो तशा. अंगठे काढले, की मिटल्या.

"साहेब, नक्षी आहे, पण माल मेलाय." मग त्याने टायरवरचा आकडा वाचला, ३४१७. म्हणजे २०१७ सालातला चौतिसावा आठवडा. इतकी वर्षं मी तो टायर घासला, पण त्याची जन्मतारीख त्याच्याच अंगावर लिहिलेली असते हे मला ठाऊक नव्हतं.

माझा मावसभाऊ भोसरीत रबराचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. त्याला हा किस्सा सांगितला तर तो आधी पोटभर हसला. "अरे, ती धूळ नव्हती, ते औषध होतं. तू दर रविवारी पुसून टाकत होतास."

प्रकार असा. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांत जागोजागी अणूंना जोडणारे दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका तिथे चावतो. रबर सैल पडलेलं असेल तर फारसं बिघडत नाही; ताणलेलं असलं, की ताणाला आडवी भेग पडते. आईने स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेले रबरबँड आठवा. मिठाईच्या पुड्याचे, फुलांच्या गजऱ्याचे. ऐन वेळी ताणला, की टप्कन तुटतो, आणि तुटतो तो वाकलेल्या जागीच. गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की जमिनीलगत हाच ओझोन तयार होतो. म्हणजे माझी स्कूटर स्वतःच्याच धुराने स्वतःचे टायर खात होती.

टायरला तर क्षणाची उसंत नाही. स्कूटरचं छोटं चाक एका किलोमीटरला सातशेच्या वर गिरक्या घेतं आणि प्रत्येक गिरकीला कडेचं रबर एकदा चेपून पुन्हा सुटतं. म्हणून कालवतानाच त्यात दोन गोष्टी घालतात. एक मेण. ते हळूहळू वर येऊन पातळ साय धरतं, पण चाक फिरलं की साय तडकते, म्हणजे उभ्या गाडीपुरतंच तिचं काम. चालत्या गाडीसाठी ६पीपीडी नावाचं रसायन. तेही आतून पृष्ठभागावर झिरपत राहतं, ओझोन रबराला गाठायच्या आत स्वतःच त्याच्याशी भिडतं आणि खर्ची पडतं. तपकिरी रंग त्याचाच. डाग पाडतं म्हणून पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या रबरात ते घालत नाहीत, तिथे डाग न पाडणारी दुसरी औषधं असतात. काळ्या टायरवर डाग दिसतो कुणाला? आमच्या बाबांना.

आठ वर्षांचं ऊनही त्यात आहेच, सगळं पाप नारळाच्या शेंडीच्या माथी मारणं बरं नाही. पण साबणाने खसाखसा घासून मी त्याला हातभार लावला हे खरं.

"फार हळहळू नकोस," मावसभाऊ म्हणाला, "ते औषधही काही संत नाही." अमेरिकेत सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत अंडी घालायला परतलेले कोहो सॅमन मासे पाऊस पडला की घालण्याआधीच मरत. बरीच वर्षं कारण सापडेना. २०२० साली शास्त्रज्ञांनी ते शोधलं: टायरच्या झिजलेल्या कणांतून पाण्यात उतरलेलं, ६पीपीडीची ओझोनशी गाठ पडून तयार झालेलं क्विनोन नावाचं विषारी रसायन. म्हणजे टायर वाचवताना जे खर्ची पडतं, त्याचंच उरलेलं रूप माशाला मारतं. ६पीपीडीला पर्याय शोधणं चालू आहे. तेव्हापासून पहिल्या पावसात रस्त्यावरून मुठेकडे धावणारं काळं पाणी मी जरा थांबून बघतो.

नवा टायर बसवून आता वर्ष होत आलंय. कडेला शेंगदाण्याच्या सालीची छटा चढली आहे. गेल्या रविवारी सीट पुसली, मडगार्ड धुतलं, आरसे लख्ख केले आणि बादली उलटी करून ठेवली. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून बघतच होते.

"काय हो, चाकं राहिली की!"

"राहू द्या काका," म्हटलं, "औषध लावलंय."