दुसऱ्यांदा फुफ्फुस कोलॅप्स झालं आणि ऑपरेशन कोणतं करायचं हे ठरवायची वेळ आली

पहिल्यांदा डावं फुफ्फुस कोलॅप्स झालं तेव्हा मी २४ चा होतो आणि नुसता खुर्चीत बसलेलो, ना पळालो होतो ना काही जड उचललं होतं. खांद्याच्या मागे एकदम कळ आली, मोठा श्वास घेतला की टोचायचं. ज्या डॉक्टरांना आधी दाखवलं त्यांनी गॅस आहे म्हणून गोळ्या दिल्या, त्यात दोन दिवस गेले, नंतर दुसरीकडे एक्स-रे काढला तेव्हा कळलं की न्यूमोथोरॅक्स आहे, म्हणजे फुफ्फुसाच्या बाहेर छातीत हवा शिरून फुफ्फुस दबलंय. उंच आणि बारीक अंगाच्या तरुण पोरांमध्ये हा जास्त दिसतो, मी तसाच, वरून सिगरेटही ओढायचो. छातीत नळी घातली, चार दिवसांत फुफ्फुस पसरलं, घरी आलो. साधारण तिघांतल्या एकाला परत होतं असं तेव्हाच सांगितलं होतं, पण मी स्वतःला उरलेल्या दोघांत धरून चाललो.

१३ महिन्यांनी परत तीच कळ, तीच बाजू. या वेळी एक्स-रे व्हायच्या आधीच मला माहीत होतं.

त्याच बाजूला दुसऱ्यांदा झालं की तिसऱ्यांदा व्हायची शक्यता आणखी वाढते, म्हणून सहसा इथे ऑपरेशन सुचवतात. त्यात वाद नव्हता. वाद होता कोणतं करायचं यावर. एक सर्जन म्हणाले दुर्बिणीतून करू आणि आत टाल्क पावडर मारू, परत होणार नाही. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या तुझ्या वयाला टाल्क नको. आणि ओळखीतले एक जण म्हणाले की छाती उघडून केलेलंच पक्कं, बाकी सगळं अर्धवट. मी नळी लावून पडलेलो, बाटलीतलं पाणी माझ्या श्वासाबरोबर वर-खाली होतंय, खोकलो की गळणाऱ्या हवेचे बुडबुडे येतायत, आणि ताई शेजारी वही घेऊन प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेतेय. त्या वहीचा मला जितका उपयोग झाला तितका नेटवर वाचलेल्या कशाचा झाला नाही.

सगळा गोंधळ सुटला तो त्या मॅडमच्या एका वाक्याने. त्या म्हणाल्या, "ऑपरेशनची नावं विसर, आत कामं दोनच असतात." पहिलं काम, जिथून हवा गळते ती जागा काढायची. फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला पातळ भिंतीचे फुगे असतात, त्यांना ब्लेब म्हणतात, तो भाग स्टेपलरने कापून बंद करतात. दुसरं काम, फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटवायचं, म्हणजे प्ल्युरोडेसिस. फुफ्फुसावर एक आवरण आणि छातीच्या आतून एक, या दोघांच्या मधल्या फटीत हवा शिरली की फुफ्फुस आत दबतं. फटच राहिली नाही तर पुढे दुसरा फुगा फुटला तरी फुफ्फुसाला दबायला जागा मिळत नाही. नुसते ब्लेब कापले आणि चिकटवलं नाही तर परत व्हायचा धोका जास्त राहतो. म्हणून कोणी "ब्लेब काढून टाकू" एवढंच म्हणालं तर पुढचा प्रश्न हाच विचारायचा, की चिकटवणार कसं?

आता उघडून की दुर्बिणीतून. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१० च्या गाइडलाइनमध्ये आकडे दिलेत: छाती उघडून भिंतीकडचं आवरण (चिकटवण्यासाठीच) काढलं तर परत व्हायचं प्रमाण साधारण १ टक्का, दुर्बिणीतून साधारण ५ टक्के. हे वाचून मी एक पूर्ण रात्र उघडून करायच्या बाजूने होतो. १ आणि ५ यात कोण ५ निवडेल? पण सकाळी ताईने विचारलं की या ४ टक्क्यांसाठी काय द्यावं लागतं ते लिहिलंय का कुठे. उघडून करताना दोन बरगड्यांमधली जागा फाकवून आत जातात, दुखणं जास्त, हॉस्पिटलात जास्त दिवस, आणि ते दुखणं काही जणांचं महिनोन् महिने जात नाही. म्हणजे शंभरातल्या ९५ जणांचं लहान छेदांवर भागतं. मला हे ५ चालणार होते. ज्याचं काम विमान चालवायचं आहे त्याने वेगळं ठरवलं तर ते त्याच्या जागी बरोबरच आहे, त्याला हवेत असताना तिसरी वेळ परवडणार नाही.

टाल्कबद्दल थोडं जास्त लिहितो कारण माझा खरा अडकलेला निर्णय तोच होता. १९३५ मध्ये नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या सर्जनने फुफ्फुसाचा भाग काढायच्या आधी बाकीचं फुफ्फुस चिकटवून घ्यायला टाल्क वापरलं (आपले डॉ. कोटणीस चीनमध्ये ज्यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख होते तेच हे बेथ्यून). स्वतः बेथ्यूनला टीबी होता आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्याने स्वतःचं फुफ्फुस मुद्दाम छातीत हवा भरून दबवून घेतलेलं. तर टाल्क चांगलं चिकटवतं यात शंका नाही. भीती होती ती बारीक कणांची, ते रक्तात जाऊन दुसऱ्या फुफ्फुसालाही सूज आल्याच्या केसेस झाल्यात, म्हणून आता मोठ्या कणांचं टाल्क वापरतात आणि तो धोका खूप कमी झालाय. माझी अडचण दुसरी होती. मी २५ चा, ती पावडर आयुष्यभर आत राहणार, तिच्याभोवती गाठी होऊन पुढे कधी पेट स्कॅन (कॅन्सर शोधायला करतात तो) केला तर त्या चमकू शकतात, आणि उद्या त्या बाजूला कुठलंही ऑपरेशन लागलं तर घट्ट चिकटलेलं सोडवणं सर्जनला अवघड. चिकटवलं की ही शेवटची अडचण थोडीफार येतेच, पण टाल्कची मला नको होती.

माझ्या शेजारच्या बेडवर एक काका होते, सीओपीडीमुळे (दम लागण्याचा फुफ्फुसाचा जुना आजार) फुफ्फुसं आधीच खराब, पूर्ण भूल झेपणार नाही म्हणून त्यांना नळीतूनच टाल्कचं पाणी सोडलं. त्यांच्यासाठी तेच योग्य होतं. टाल्क वाईट असतं असा अर्थ माझ्या लिहिण्यातून कोणी काढू नका प्लीज.

चिकटवायच्या उरल्या दोन पद्धती, छातीच्या भिंतीचं आतलं आवरण खरखरीत पॅडने घासायचं किंवा सोलून काढायचं. सोलल्यावर जास्त पक्कं चिकटतं पण रक्तस्राव जास्त. मॅडम म्हणाल्या वरच्या भागात सोलते, खाली घासते. मी हो म्हणालो.

ऑपरेशनचं मला आठवत नाही, श्वासनळीत दोन वाटांची ट्यूब घालून एकाच फुफ्फुसावर श्वास चालू ठेवतात आणि दुसरं मोकळं सोडून काम करतात, एवढं आधी समजावलेलं. काखेखाली तीन छोटे छेद. पण "छोटे छेद" ऐकून दुखणार नाही असं समजू नका, आतली सगळी बाजू घासलेली असते, पहिले दोन दिवस खोकला आला की मी उशी छातीशी धरून अक्षरशः रडलोय. आयबुप्रोफेन वगैरे दिलं नाही, कारण सूज आली तरच चिकटतं आणि ती गोळी सूज कमी करते, असं काही सर्जन मानतात, माझ्या मॅडम त्यातल्या. बरगड्यांच्या नसांपाशी भुलीचं औषध चालू होतं त्यामुळे तीन बॉलच्या यंत्रात श्वास ओढता आला. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या खोक, ताई खाली वाकून बाटलीकडे बघत होती, पाणी हललं पण एकही बुडबुडा नाही. ती तशीच वाकून म्हणाली "परत खोक". परत नाही. चौथ्या दिवशी नळी काढली.

आता १४ महिने झालेत. डाव्या छातीवर काखेपासून पुढे तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे, शर्ट घासला की वेगळंच वाटतं, हे होऊ शकतं असं आधी कोणी नीट सांगितलं असतं तर मी पहिला महिना घाबरलो नसतो. एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण पसरल्यावर विमान प्रवासासाठी निदान ७ दिवस थांबायचं असतं, मी दीड महिना थांबलो. स्कूबा डायव्हिंग मला कायमचं बंद. सिगरेट त्या वॉर्डातच सुटली, ओढणाऱ्या पुरुषांना आयुष्यात हे व्हायचा धोका १२ टक्क्यांपर्यंत आणि न ओढणाऱ्यांना ०.१ टक्का हे वहीत ताईने लाल पेनने लिहिलेलं.

सीटीमध्ये उजव्या बाजूलाही दोन छोटे ब्लेब दिसलेत. त्यांचं काय हे मी तीनदा विचारलं. तिकडे कधी काही झालेलं नाही म्हणून आत्ता हात लावायचा नाही असं ठरलंय, पण उजवीकडे पहिल्यांदा जरी झालं तरी थेट ऑपरेशनचं बोलायचं. सीटीची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड मी बॅगेत ठेवतो, ताईकडे दुसरी कॉपी आहे.