मीटरवर 71 तास

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत माझा फोन पहाटे साडेपाचपासून वाजायला लागतो. मुरबाड तालुक्यात खाचरं भरली की प्रत्येकाला चिखलणी आजच उरकायची असते, आणि ट्रॅक्टर नेमका आजच रुसतो. 12 वर्षं मी ट्रॅक्टरचा फिटर आहे. गावागावात मात्र मला मिस्त्रीच म्हणतात.

त्या सकाळचा फोन टोकावड्याच्या पुढच्या एका गावातला. पोरगा चोवीस-पंचवीसचा. "मिस्त्री, काटा लाल पट्ट्यात गेला, आणि गाडी पण रुतली."

"इंजिन बंद कर. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नको, वाफ तोंडावर येईल. निघालोच."

गाडी माझ्या चांगली लक्षात होती. मे महिन्यात डिलिव्हरी मीच दिली होती. 45 एचपीची, घरातली पहिली. पौषात म्हशाच्या जत्रेत बैलजोडी विकली, त्यात भर घातली, बाकीचं कर्ज. डिलिव्हरीच्या दिवशी हार, नारळ, पेढे, बॉनेटवर हळदी-कुंकवाचे पट्टे. मी मडगार्डला टेकून ब्रेक, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा), ऑईलची काडी असं एकेक सांगत होतो. पोरगा मान डोलवत होता, पण नजर मोबाईल धरून उभ्या असलेल्या भावाकडे. पुस्तिका टूलबॉक्समध्ये गेली. पंधरा मिनिटांत आमचं शिक्षण संपलं. अर्धं त्याने ऐकलं नाही हे खरं, पण गाडी रुतली त्या दिवशी जे घडलं ते मी त्याला सांगितलेलंच नव्हतं.

हायवे सोडून कच्च्या रस्त्याला लागलो, पुढे बाईक आंब्याखाली लावली आणि बांधावरून चालत निघालो. पाऊस बारीक होता. लांबूनच इंजिनाचा आवाज ऐकू आला. बंद कर म्हटलं होतं, ते थोडा वेळ बंद ठेवून याने पुन्हा चालू केलं होतं. मागची चाकं निम्मी चिखलात. गाडी हलकी व्हावी म्हणून मागचा चिखलणीचा रोटाव्हेटर सोडून बांधाला टेकवलेला. सात-आठ माणसं जमलेली, आणि पोराचा बाप वाकून मागच्या चाकांना काहीतरी बांधतोय.

जवळ गेलो तेव्हा कळलं. ऐनाचा ओंडका. दोन्ही मागच्या चाकांसमोर आडवा टाकून साखळीने टायरांना आवळलेला. चाक फिरलं की ओंडका खाली जाईल, त्याच्यावर चढून गाडी वर येईल, असा हिशोब. दिसायला हिशोब बरोबर आहे. हाच उपाय करताना माणसं मेली आहेत.

चाक ओंडक्यावर चढलं तर ठीक. पण चिखल धरून बसला आणि ओंडका अडकला, तर चाक जागेवर घट्ट होतं. इंजिनाचा जोर काही थांबत नाही. चाक फिरत नसेल तर तो जोर एक्सलभोवती अख्खा ट्रॅक्टरच फिरवायला लागतो. तोंड वर उचलतं आणि 2 टनांच्या आसपासचं लोखंड मागे, चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. उचलायला लागल्यापासून हातातून जायला पाऊण सेकंद. वरचं छत ऊन-पावसासाठी असतं, ते कुणाला वाचवत नाही. आणि रोटाव्हेटर लावलेला असता तर गाडी मागे कलताना निदान तो जमिनीला टेकला असता. तोही यांनी काढून ठेवलेला.

मी ओरडलो. इंजिनापुढे माझा आवाज कोण ऐकणार? बापाने हात वर केला, पोराने क्लच सोडला.

पुढची चाकं उचलली. हळू नाही, एकदम. चिखलातून चॉक्‌ असा आवाज आला आणि पुढचा एक्सल मला खालून दिसला, त्याला लोंबणारं गवत दिसलं. पोराचं शरीर मागे गेलं, हात स्टिअरिंगला लटकले. मग त्याच्या डाव्या पायाने क्लच दाबला. कसा दाबला ते त्याला आजही सांगता येत नाही. तोंड धाडकन खाली आलं आणि चिखलाचा फवारा आम्हा सगळ्यांच्या अंगावर.

इंजिन घुर्र करत होतं. मी चढून ते बंद केलं. पोरगा सीटवरून उतरेना. त्याचा पाय अजून क्लचवरच होता.

पहिला बोलला तो बाप. "बैल अडला की उभा राहतो मिस्त्री. मारला तरी पुढं जात नाय." माझ्याकडे न बघता, साखळीकडे बघत बोलला. माझ्याकडे त्यावर बोलायला काही नव्हतं, कारण चाळीस वर्षं त्याने जनावराच्या अंदाजाने शेत केलं होतं, आणि या जनावराला अंदाज नसतो.

मग सरळ काम केलं. साखळी सोडली, ओंडका बाजूला. फावड्याने दोन्ही मागच्या चाकांच्या मागचा चिखल उपसला, उतार करून खाली फळ्या सारल्या. गाडी रिव्हर्सला काढायची, पुढे नाही. मागे जाताना इंजिनाचा जोर तोंड उचलत नाही, उलट खाली दाबतो. लो गिअर, दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक दाबलेला, स्टिअरिंग सरळ, क्लच हळू. तिसऱ्या खेपेला निघाली. नसती निघाली तर शेजारच्या गाडीने मागून, खालच्या हुकाला लांब साखळी लावून ओढली असती, आणि बघ्यांना साखळीच्या दुप्पट लांब उभं केलं असतं. साखळी वर, अवजाराचा वरचा दांडा लावतात त्या टॉप लिंकच्या जागी लावून ओढणारे महाभागही मी पाहिलेत. तिथून ओढलं की तोंड उचललंच म्हणून समजा.

गाडी पडवीत आणली तेव्हा इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं मीटर बघितलं. 71 तास. पहिली सर्व्हिस 50 तासांना असते.

"आवणी झाली की करणार होतो."

नव्या इंजिनात पार्ट एकमेकांना घासून बसतात, त्यांचा बारीक चुरा पहिल्या ऑईलमध्ये उतरतो, म्हणून ते लवकर काढायचं. मी पिशवीतून ऑईल आणि फिल्टर काढले. रेडिएटरची जाळी उघडली, तर आत गवत, काडीकचरा, वर चिखलाची साय. हवाच जात नव्हती, मग काटा लाल होणार नाही तर काय. चिखलणीत ही जाळी रोज संध्याकाळी झाडायची, दोन मिनिटांचं काम. एअर क्लीनरची वाटी काढली. वरकस, उताराच्या जमिनीत कोरड्या धुळीत मशागत केली होती, तेव्हाचा गाळ तळाला बोटभर. ऑईल शिऱ्यासारखं झालेलं. पोराला म्हटलं, बोट घाल. त्याने घातलं, आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा ऐकणाऱ्याचा झाला.

मग ग्रीस गन त्याच्याच हातात दिली. पुढच्या चाकाच्या हबच्या निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला लावून दाब म्हटलं. आधी पांढुरकं, ताकासारखं बाहेर आलं, म्हणजे आत पाणी शिरलं होतं. "अजून." चौथ्या-पाचव्या दाबाला ते राखाडी झालं, आणि मग स्वच्छ पिवळं. तो दुसऱ्या बाजूला स्वतःहून गेला. मला वाटतं, पुस्तिकेची चाळीस पानं त्या एका निपलमध्ये होती.

डिझेलची टाकी रात्री भरून ठेवायची एवढं सांगितलं, रिकाम्या टाकीत रात्रभर दव धरतं आणि ते पाणी फिल्टरमध्ये उतरतं. शिवाय डिझेल पार संपू दिलं की लाईनमध्ये हवा जाते आणि मग पुन्हा मला फोन.

रोटाव्हेटर जोडताना बघितलं, पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर गायब. "ग्रीस मारायला आडवं येतं म्हणून काढलं." कुठे आहे? गोठ्यात, रिकाम्या दावणीत. बैल गेल्यापासून तिथे असलंच काय काय पडलेलं होतं. बाप जवळच उभा, गळ्यात टॉवेल, दोन्ही टोकं लोंबणारी. पीटीओ मिनिटाला 540 फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला 9. टॉवेलचं टोक शाफ्टला लागलं तर माणसाला "अरे" म्हणायलाही वेळ मिळत नाही. मी काही न बोलता त्याच्या गळ्यातला टॉवेल काढून खांद्यावर घडी करून ठेवला. त्याला राग आला असावा. पण कव्हर त्यानेच आणून दिलं.

निघताना ब्रेक बघितले. दोन पेडल सुटे. शेतात वळायला एकेक ब्रेक लागतो, ते ठीक. पण त्याच अवस्थेत हा परवा हायवेने मुरबाडला खत आणायला गेला होता, ट्रॉली लावून. वेगात एकच पेडल दाबलं गेलं तर एक चाक धरतं आणि गाडी आडवी होते. दोन्ही पेडल जोडणारी पट्टी अडकवून दाखवली, सोडून दाखवली, त्याच्याकडून चार वेळा करून घेतली. मडगार्डवर चुलतभाऊ चढून बसला होता, त्याला उतरवलं. सीट एकच आहे, माणूसही एकच.

आता डिलिव्हरीला मी फोटो होऊन जाऊ देतो. पेढे संपले की मग बोलतो, आणि घरातला म्हातारा आला नसेल तर त्याला बोलावून घेतो. गाडी रुतली तर काय करायचं नाही, हे सगळ्यात आधी सांगतो. शोरूमच्या दारात, हार घातलेल्या गाडीसमोर ते कुणाला ऐकायला आवडत नाही. आमच्या सेल्सच्या पोरांनाही नाही.

त्या दिवशी पोराच्या आईने नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. तिला कुणीतरी सांगितलंच होतं. "किती उचलली होती रं गाडी?"

पोराने हात गुडघ्याएवढा धरला. "एवढी."

बापाने माझ्याकडे बघितलं. मी भाकरी मोडत होतो.