अडतीस टॉर्पेडोंचा हिशेब

'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या अमेरिकी विज्ञानमालिकेतल्या कॅप्टन जेनवेच्या अंतराळजहाजावर ३८ टॉर्पेडो होते. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, तिच्या जहाजावरचेच अधिकारी सांगतात, १९९५ साली, पहिल्याच सीझनमध्ये. आपल्याकडे अडतीसच आहेत आणि संपले की नवे मिळायची सोय नाही, असं अगदी बजावून सांगतात. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. जहाज घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं लांब जाऊन पडलेलं, पूर्ण वेगानं निघालं तरी परतीचा रस्ता ७५ वर्षांचा, वाटेत ओळखीचं बंदर नाही. म्हणजे काटकसर आलीच. पुढे मालिका सात वर्षं चालली आणि टॉर्पेडो दिवाळीतल्या लवंगी माळेसारखे उडत राहिले.

चाहत्यांनी काय करावं? त्यांनी ते मोजले. एकेक भाग पुन्हा लावून, कुठल्या लढाईत किती सुटले याच्या याद्या केल्या. प्रत्येकाची बेरीज थोडी वेगळी आली, पण अडतीसच्या दुपटीपुढे सगळेच गेले. छोट्या शटलयानांचंही तेच. दर काही भागांनी एखादं शटल कुठल्या तरी ग्रहावर आपटतं आणि पुढच्या वेळी तळावर नवं कोरं उभं असतं.

माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे झाली. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, हे अंगात मुरलेलं. त्यामुळे आमच्या घरात हा टॉर्पेडोंचा विषय निघाला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की ही मंडळी दिसतात तितकी रिकामटेकडी नसावीत.

मंडळी म्हणजे माझा नवरा आणि धाकटे दीर. नवऱ्यानं ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर जुनं 'स्टार ट्रेक' पाहिलं आणि तो तिथेच अडकला. दिरांना पुढे नव्वदीतल्या मालिकांनी धरलं. दोघेही इंजिनिअर, दोघेही हट्टी, आणि रविवारचा चहा दोघांनाही दोनदा लागतो. मी आधी नुसती ऐकायची. मग कधीतरी ज्या भागावर भांडण चाललंय तो बघायला बसले. भांडण कळायचं तर खटल्याचे कागद नकोत का वाचायला?

एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. प्रकाशापेक्षा जास्त वेगानं जहाज जातं, याला या दोघांची कधीच हरकत नसते. माणूस एका चकतीवर उभा राहतो, झगमगतो, विरघळतो आणि खालच्या ग्रहावर पुन्हा सबंध उगवतो, यालाही नाही. खरं तर हा ट्रान्सपोर्टर आला तोच पैशाच्या तंगीतून. दर आठवड्याला अख्खं जहाज नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं १९६६ च्या बजेटला झेपणारं नव्हतं. पुढे कुणी पदार्थविज्ञानवाला म्हणाला, की हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या नियमामुळे प्रत्येक कणाची जागा आणि गती एकाच वेळी अचूक कळणारच नाही, मग माणूस परत जुळवणार कसा? तर मालिकेनं यंत्राला 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा एक भाग जोडून टाकला. तो काम कसा करतो असं मालिकेच्या तांत्रिक बाजूचे जाणकार मायकेल ओकुडा यांना विचारलं गेलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं, उत्तम करतो, धन्यवाद. या उत्तरावर जगभरचे चाहते खूश. आमचे दोघेही खूश. टॉर्पेडोंच्या बाबतीत मात्र कुणी 'उत्तम आहेत, धन्यवाद' म्हणालं असतं तर दिरांनी टीव्ही फोडला असता.

हॅरी किमचं प्रकरण बघा. व्हॉयेजरवरचा हा तरुण अधिकारी पहिल्या भागात एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांतली सगळ्यात खालची पायरी. सात वर्षांनी जहाज घरी पोचतं तेव्हाही एन्साइनच. मधल्या काळात त्याचा मित्र टॉम पॅरिस एका हुद्द्यानं खाली उतरवला जातो, तीस दिवस कोठडीत बसतो आणि पुढे परत वर चढवला जातो. हॅरी तिथेच. बरं, १९९६ च्या एका भागात जहाजाची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते, आपला हॅरी अंतराळात खेचला जाऊन मरतो, आणि त्या दुसऱ्या जहाजावरचा हॅरी इकडे येऊन त्याच्या जागी रुजू होतो. तेव्हापासून आपण बघतो तो मूळचा हॅरी नव्हेच! यावर चाहते फार तर मान हलवतात. तावातावानं बोलतात ते बढतीवर. "माणूस मेला, बदली झाली, नव्यानं रुजू झाला," दीर म्हणाले, "सर्व्हिस बुकात नोंद तरी हवी ना, वहिनी?" मी म्हटलं, दुसऱ्या जहाजावरची सेवा धरायची की नाही यावरच फाईल अडली असेल. सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही हॅरी किम अविश्वसनीय वाटणार नाही.

पण या सगळ्यांत मला जास्त रस आहे तो क्लिंगॉन लोकांच्या कपाळात. क्लिंगॉन ही लढवय्यी जमात जुन्या मालिकेत १९६७ साली आली तेव्हा साधी माणसांसारखी होती. जरा रापलेले चेहरे, मिशा, दाढ्या, तिरक्या भुवया, एवढाच मेकअप. रबराची कपाळं करायला पैसा आणि वेळ कुठला? १९७९ मध्ये मोठ्या पडद्यावर चित्रपट आला, पैसा आला, आणि क्लिंगॉनांच्या कपाळावर एकाएकी हाडांचे उंचवटे आले. समजूतदार माणूस म्हणेल, बजेट वाढलं, सोडून द्या. चाहत्यांनी सोडलं नाही. त्यात १९९४ मध्ये जुन्या मालिकेतले तीन क्लिंगॉन 'डीप स्पेस नाइन' या नव्या 'स्टार ट्रेक' मालिकेत परत आणले, नट तेच, पात्रं तीच, आणि कपाळं नवी. आता बजेटचा बहाणाही चालेना, कारण त्याच माणसाचं कपाळ त्याच्या हयातीत बदललं होतं.

मग १९९६ मध्ये त्याच मालिकेतले लोक काळात मागे जाऊन जुन्या, सपाट कपाळाच्या क्लिंगॉनांना भेटतात. सगळे चमकून आपल्या वॉर्फकडे बघतात, कारण तो क्लिंगॉन आणि त्याचं कपाळ उंचवट्यांचं. ओब्रायन विचारतो, जनुकांत काही फेरफार केलेत का? डॉक्टर बशीर विचारतो, विषाणूनं काही झालं का? वॉर्फ तोंड घट्ट मिटून सांगतो, की आम्ही हा विषय बाहेरच्यांशी बोलत नाही. माझ्या मते गोष्ट तिथे संपायला हवी होती. इतकं चोख उत्तर क्वचित सुचतं. कुठल्या घरात असा एखादा विषय नसतो? पण २००५ मध्ये 'एंटरप्राइज' मालिकेनं दोन भाग खर्च करून रीतसर खुलासा केला: क्लिंगॉनांनी माणसाची सुधारित जनुकं वापरून आपले योद्धे बलवान करायचा प्रयोग केला, त्यातून विषाणू पसरला आणि कपाळं सपाट झाली. म्हणजे ओब्रायनही बरोबर आणि बशीरही. ३८ वर्षांनी एका मेकअपच्या तंगीची भरपाई झाली. (अडतीस हा आकडा या लोकांची पाठ सोडत नाही.)

हे ऐकून मला सासूबाई आठवल्या. त्यांना मारुतीनं द्रोणागिरी उचलून आणल्याबद्दल कधी शंका आली नाही. पण लक्ष्मण चौदा वर्षं वनात जागा राहिला, तर त्याची झोप गेली कुठे, हे त्यांना हवं असे. आणि लोककथेत त्याचं उत्तर तयार आहे. निद्रादेवी लक्ष्मणाकडे आली, त्यानं तिला अयोध्येला उर्मिलेकडे पाठवलं, आणि उर्मिला दोघांच्या वाट्याचं चौदा वर्षं झोपली. केवढी दुरुस्ती आहे ही! झोपेचा हिशेब जुळला, आणि वर महालात एकटी राहिलेली उर्मिला एवढी वर्षं काय करत होती या दुसऱ्या अवघड प्रश्नाचंही परस्पर भागलं. तिचं स्वतःचं मत कुणी विचारलं नाही, ते वेगळं. हा तोडगा पहिल्यांदा ज्या कुणी काढला त्या बाईला किंवा बाप्याला मी क्लिंगॉनांच्या खात्यावर बिनदिक्कत नेमलं असतं.

आमच्या घरातलं सगळ्यात कडाक्याचं भांडण मात्र टूविक्सचं. व्हॉयेजरच्या दुसऱ्या सीझनमधला, १९९६ चा भाग. शिस्तीचा, भावना न दाखवणारा टूवॉक आणि बडबड्या स्वयंपाकी नीलिक्स एका परग्रही फुलासकट ट्रान्सपोर्टरमधून येतात आणि दोघांचा मिळून एकच माणूस तयार होतो. दोघांच्या आठवणी, दोघांची कौशल्यं, नाव टूविक्स. तो जहाजावर रुळतो, लोकांना आवडायला लागतो. मग डॉक्टरला दोघांना वेगळं करायचा उपाय सापडतो. टूविक्स म्हणतो, मला जगायचंय. सगळ्यांसमोर गयावया करतो, एकजण त्याच्या बाजूनं उठत नाही. डॉक्टर साफ नकार देतो, त्याच्या शपथेत बसत नाही म्हणून. तेव्हा जेनवे स्वतः कळ दाबते.

"खून आहे," दीर म्हणतात.

"अरे, दोन माणसं परत मिळाली, त्याचं काय?" नवरा म्हणतो. "कप्तान आहे ती. टूवॉकच्या बायकोला काय सांगणार होती?"

"जेनवे असं करेलच कशी, दादा? हीच बाई एरवी एकेका माणसासाठी जहाज पणाला लावते."

फुलामुळे दोन माणसं एक होतात हे कसं, यावर एक शब्द नाही, हे इथेही आलंच. मला स्वतःला जेनवे यात खोटी वाटत नाही. घरापासून लांब, दीडशे माणसांची जबाबदारी एकटीवर असलेली बाई असा निर्णय घेऊ शकते, आणि जेनवेचं काम करणाऱ्या केट मलग्रूनं शेवटी दवाखान्यातून बाहेर पडतानाचा चेहरा असा ठेवलाय की तिला काय झालं ते कळतं. मला खटकतो तो पुढचा आठवडा. पुढच्या भागात सगळं जिथल्या तिथे. नीलिक्स रांधतोय, टूवॉक भुवई उंचावतोय, कुणी कुणाकडे बघायचं टाळत नाही. टॉर्पेडोंसारखा हाही खर्च कुठे टाकलेलाच नाही. पैसे खर्च झाल्याचं मला काही नाही, पण वहीत ओळ नको?

हे मालिकेच्या आतल्या माणसालाही टोचलं होतं. रोनाल्ड मूर यांनी 'स्टार ट्रेक' च्या आधीच्या मालिकांवर बरीच वर्षं लिहिलं, १९९९ मध्ये ते व्हॉयेजरवर आले आणि थोड्याच दिवसांत बाहेर पडले. इतके हाल सोसणारं जहाज दर आठवड्याला इतकं चकचकीत कसं, ही त्यांची तक्रार पुढे पुष्कळ गाजली. मग त्यांनी १९७८ ची एक जुनी मालिका हाती घेऊन 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' नव्यानं उभी केली. गोष्ट तशी तीच: सगळं गमावलेली माणसं, काही जहाजं, लांबचा रस्ता. पण इथे वही उघडी. यंत्रमानव सायलॉनांनी माणसांचा संहार केल्यावर जेमतेम पन्नास हजार उरतात, आणि तो आकडा राष्ट्राध्यक्ष रॉसलिन पांढऱ्या फळ्यावर लिहून ठेवते. मालिकेच्या सुरुवातीच्या पाट्यांतही तो येतो आणि दर भागाला बदलतो. पहिल्या भागात सायलॉन दर ३३ मिनिटांनी हल्ला करतात, पाच दिवस कुणाचा डोळ्याला डोळा नाही. तेहतीसच का? मूर यांनी मुद्दामच उत्तर दिलं नाही, आणि आमच्याकडेही त्यावरून कधी वाजलं नाही. भाग संपता संपता ताफ्यात एक मूल जन्मतं आणि रॉसलिन फळ्यावर एक वाढवते. ते बघून मला बँकेतली आमची कॅश जुळल्याची संध्याकाळच आठवली.

अर्थात या मालिकेतही मला एक गफलत सापडलीच, आणि ती दोघांच्याही आधी मी काढली याचा मला अभिमान आहे. डॉक्टर कॉटल. ताफ्यात औषधांची टंचाई, पाण्याची टंचाई, मधे अन्नाचीही. आणि हा गृहस्थ पेशंटच्या उशाशी उभा राहून सिगारेटमागून सिगारेट ओढतोय, चारही सीझन! कुठून येतात? "काळा बाजार," दीर म्हणाले. ताफ्यात काळा बाजार होता हे खरं, पण एवढा?

मार्च २००९ मध्ये ही मालिका संपली तेव्हापासून शेवटावर वाद चालू आहे. मेलेली वैमानिक स्टारबक परत आलेली असते, ती आपल्या सहकाऱ्याशी, लीशी बोलता बोलता माळावरून नाहीशी होते. यावर देवाची करणी म्हणून गप्प बसणारे आणि 'ही पळवाट झाली' म्हणून चिडणारे असे दोन तट आहेत, आणि ते आमच्या दिवाणखान्यातही आहेत. माझा आक्षेप त्यावर नाहीच. उरलेली सुमारे अडतीस हजार माणसं (पाहा!) एका हिरव्यागार ग्रहावर उतरतात, ली सुचवतो की सगळं तंत्रज्ञान टाकून देऊ, कोऱ्या पाटीनं सुरुवात करू, आणि जहाजं सूर्यात सोडून देतात. सगळे कबूल! जी माणसं चार सीझन निवडणुकीवरून, इंधनावरून, कामाच्या पाळ्यांवरून भांडली, ज्यांनी संप केला, बंड केलं, त्यांच्यातून एक माणूस म्हणत नाही की आमचं जहाज राहू द्या. सोसायटीच्या सभेत लिफ्टचा रंग ठरत नाही हो एका दिवसात.

"थकली होती माणसं," नवरा म्हणाला. "त्या पत्र्याच्या डब्यांत परत कुणी जाईल का?"

"डब्यात जाऊ नका. पण अॅडमिरल अॅडामाच्या चष्म्याची काडी तुटली तर?"

"वहिनी, तो रॉसलिन गेल्यावर एकटाच जाऊन राहतो. त्याला आता वाचायचंय काय?"

"आणि दाढ दुखली तर?"

दीर जरा थांबले. मग म्हणाले, की सायलॉनांकडे वैद्यकीय ज्ञान होतं, त्यातले काही इथेच राहिले, त्यांनी बघितलं असेल. नवरा म्हणाला, ज्ञान असून काय, अवजारं सूर्यात गेली. दीर म्हणाले, सगळी नसतील गेली, सेंच्युरियनांना, म्हणजे सायलॉनांच्या धातूच्या सैनिकांना, एक बेसशिप, त्यांचं मोठं जहाज, दिलं होतं. नवरा म्हणाला, ते तर त्यात बसून कायमचे निघून गेले. मग दोघांनी तो भाग लावायचं ठरवलं, नेमकं काय काय खाली उतरवलं होतं ते बघायला, आणि मी कागद-पेन घेऊन बसले.