टेललाईटच्या उजेडात दुतोंड्या मारुती

बाबांनी 2008 च्या पुरात नाशिकच्या गोदाघाटावर काढलेली एक निगेटिव्ह आहे, पाणी चढत होतं तेव्हाची, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलेलं. धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत सांगतात, नाशिककर मात्र एवढंच विचारतो की मारुती कुठपर्यंत बुडाला. सराफ बाजारातल्या एका दुकानदाराला तो फोटो हवा होता, त्या पुरात त्यांच्या दुकानात पाणी घुसलं होतं. मी हौसेने बोलून बसलो की साधी नको, लिथ प्रिंट करून देतो.

आता लिथ म्हणजे काय तर डार्करूममध्ये आधी फोटोच्या कागदाला भरमसाट उजेड द्यायचा, नेहमी 10 सेकंद पुरतात तिथे मी 80 दिले, म्हणजे तीन स्टॉप (तीनदा दुप्पट) जास्त, आणि मग लिथ डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, अगदी पातळ करून वापरायचा. माझं माप डेव्हलपरचे दोन भाग, ए 30 मिली, बी 30 मिली, पाणी 900, आणि वर मागच्या वेळचं वापरलेलं तपकिरी सोल्यूशन 200, त्याने रंग चांगला येतो. मग ट्रे हलवत बसा. दहा मिनिटं कोरा कागद, मग फिकट पीच रंगाचं काहीतरी भुतासारखं, आणि मग अचानक सावल्या धरतात. डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन काम करताना जे तयार होतं तेच कागदावरच्या शेजारच्या चांदीच्या दाण्यांनाही पेटवतं, सल्फाईट मुद्दाम कमी असतं त्यामुळे त्याला आवरणारं कोणी नसतं. घरात एकाला ताप आला की दोन दिवसांत सगळे आडवे होतात ना, अगदी तसं. त्या घडीला प्रिंट ओढून डेव्हलपर थांबवणाऱ्या स्टॉप बाथमध्ये टाकायची, चिमट्याला धरून निथळेपर्यंतसुद्धा काळं वाढत असतं. उजळ भाग एक्स्पोजरवर ठरतो, काळा किती ठेवायचा ते ओढणाऱ्याच्या हातात.

त्या दिवशी शेजारचे काका आले होते. काकांनी पूर्वी ऑफसेट प्रेसला छपाईसाठी फोटो काढायचा प्रोसेस कॅमेरा चालवलाय, लिथ फिल्मवर हाफटोन, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचं चित्र, काढण्यात उमर गेली. माझा ट्रे बघून म्हणाले, "अरे हे काय, चहा केलायस का? आमच्याकडे असं शिळं पाणी घातलं असतं तर मालकाने दुसऱ्या दिवशी येऊ नको सांगितलं असतं." बरोबरच आहे, त्यांना डॉट कडक पाहिजे, ताजा घट्ट डेव्हलपर, अडीच-तीन मिनिटांत काम खलास. मला नेमकं त्यांना नको असायचं तेच हवं होतं.

सोळाव्या मिनिटाला मारुतीच्या गदेखाली पहिला काळा ठिपका धरला आणि लाईट गेली.

सेफलाईट, म्हणजे कागद न बिघडवणारा लाल दिवा, बंद, एक्झॉस्ट बंद. त्या डेव्हलपरला फॉर्मालिनचा वास असतो, मिनिटभरात डोळे चुरचुरायला लागले. माझा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला तसे काका ओरडले, "टॉर्च लावू नकोस! हलवत राहा तू." आणि अंधारात मोठ्याने आकडे मोजायला लागले, एक, दोन, तीन, प्रेसवाल्यांची सवय. मला तेवढ्यात आठवलं की सायकल खोलीतच उभी आहे. एका हाताने ट्रे हलवत दुसऱ्या हाताने चाचपडत टेललाईट काढला, लाल एलईडी, दाबला तर ब्लिंकिंग मोड! भिंतीकडे तोंड करून धरला, त्या लुकलुकीत मारुती दिसतोय, नाही, दिसतोय, नाही, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा काळा. काका म्हणाले "ओढ", मी म्हटलं अजून थोडं, ते पुन्हा "अरे ओढ की!" ओढली.

लाईट आल्यावर बघतो तर पाणी गढूळ तपकिरी-गुलाबी, पुराचं असतं तसंच, आणि मारुती खरखरीत कोळशासारखा, पायऱ्या मात्र काळ्यात बुडाल्या. उशीर माझाच, काकांचं ऐकलं असतं तर पायऱ्या वाचल्या असत्या. चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये जरा फिकी पडली, वाळल्यावर परत गडद झाली, ते चालतंच.

दुकानदार खूश. म्हणाले, "सेम टू सेम अजून एक द्या, भावाला."

सेम टू सेम! डेव्हलपर प्रिंटगणिक थकतो, रंग सरकतो, शिवाय लाईट जाण्याची वेळ कशी जुळवायची. त्याच ट्रेमध्ये दुसरी टाकली, 27 मिनिटं लागली, पायऱ्या सुंदर आल्या पण आभाळभर बारीक काळे ठिपके, थकलेल्या डेव्हलपरची मिरपूड. काका भिंग लावून बघत म्हणाले, "वाया गेली." मी तरी दोन्ही समोर ठेवल्या. दुकानदाराने ठिपकेवाली उचलली, "ही दुकानात लावतो, हिच्यात पाऊस पण आलाय बघा."

मी काही बोललो नाही, बिल फाडलं.