भिंतीतलं आणि भिंतीवरचं

बुधवार

नवरात्र तोंडावर आलंय आणि घरातल्या निम्म्या वस्तूंना अजून ठरलेली जागा नाही.

सासूबाई जुन्या नाशकातला तिवंध्याजवळचा वाडा सोडून आमच्याकडे इंदिरानगरला आल्या त्या पावसाळ्याआधी. वाडा धोकादायक झाल्याची नोटीस लागली होती, भाडेकरू एकेक करून गेले होते, शेवटी त्याही निघाल्या. येताना "सामान काही फार आणलं नाही" म्हणाल्या. म्हणजे पितळी पंचपाळं, शंख आणि त्याची अडणी, मिसळणाचा डबा, पोथीचं व्यासपीठ, आजेसासऱ्यांची पानाची चंची, सागवानी घडवंची आणि पोतंभर पळ्या-झारे-उलथणी. आणलेलं सगळं हॉलमध्ये मांडून ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की पळ्या-झारे आणि शंख सोडला तर बाकीच्या सगळ्या वस्तू दुसरं काहीतरी धरून ठेवण्यासाठीच आहेत.

शंख घ्या. तो जमिनीवर ठेवला की लवंडतो. म्हणून त्याला तीन पायांची अडणी. पाय तीनच, कारण खालची फरशी कितीही ओबडधोबड असली तरी तीन पाय डुगडुगत नाहीत. चौथा आला की कुठल्यातरी पायाखाली कागदाची घडी सारावी लागते (आमचं डायनिंग टेबल साक्षीला आहे). घडवंचीचंही तेच. हंडा, कळशी, माठ, सगळी गोल बुडाची भांडी. त्यांना जमिनीवर चुंबळ लागायची, स्वयंपाकघरात घडवंची किंवा तिवई. पुढे स्टेनलेस स्टीलची सपाट बुडाची पिंपं आली, ती आपली आपण उभी राहिली आणि अडण्या-तिवया माळ्यावर गेल्या. घडवंची आमच्याकडे आता बाल्कनीत आहे. तिच्यावर काय ठेवायचं हे कोणालाच माहीत नाही. पाण्याचा फिल्टर भिंतीवर टांगलेला.

आज बुधवार म्हणून गंगेवरच्या बाजाराला गेले होते. गोदावरीला गंगा म्हणणारी माणसं आम्ही, त्यात आता मीही आले. घटस्थापनेसाठी दुरडी हवी होती. बांबूच्या सुपा-टोपल्या घेऊन बसलेल्या बाईंकडे एक उंच, पेल्यासारखी टोपली दिसली, फुलं ठेवायची असावी. मी ती चमच्यांसाठी घेतली. बाई म्हणाल्या, "ताई, ओले चमचे घालू नका, बुरशी धरंल." कोवळा बांबू असेल तर भुंगाही लागतो. बांबूत पिष्ट असतं, ते खायला किडा येतो. म्हणून जाणकार लोक बांबू तोडल्यावर काही दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, पिष्ट उतरून जातं. माझी टोपली तशी केलेली आहे की नाही, ते खाली पिवळी भुकटी पडली की कळेल.

घरी आल्यावर लेकीने तिची खरेदी दाखवली. ऑनलाइन मागवलेलं किल्ल्यांचं स्टँड. वर वारलीची चित्रं, गेरूच्या रंगावर पांढरी माणसं, खाली पाच हूक. वारली पाडे आपल्याच जिल्ह्यात, पेठ-सुरगाण्याकडे आहेत. तिथे हे चित्र तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात, लग्नाच्या घरात चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. आमच्याकडे ते एमडीएफच्या फळीवर छापून आलं. दिसायला छान आहे, नाही म्हणत नाही. हूक मात्र इतके जवळजवळ आहेत, की स्कूटरची किल्ली काढताना कपाटाची पडते.

गुरुवार

आज भिंतीचा दिवस.

सासूबाईंचा प्रश्न साधा होता. "देवाजवळ कोनाडा कुठे काढलाय?" आणि दुसरा, "माळ कुठे टांगणार?"

कोनाड्याचं त्यांना समजावून सांगायला मला वेळ लागला, आणि सांगता सांगता मलाही नीट समजलं. वाड्याची भिंत दीड-दोन फूट जाड. तेवढ्या जाडीत वीतभर खोल जागा सोडली तरी भिंतीचं काही बिघडत नाही. वर कमान घेतली की वरचा भार दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. म्हणून कोनाडे कमानदार असतात, नुसतं शोभेसाठी नाही. दिव्याला देवळी, कपडे-भांड्यांना फडताळ, पागोट्याला नि पंच्याला खुंटी. खुंटी भिंत बांधतानाच आत घालायची, तिचं तोंड जरासं वर, म्हणजे टांगलेलं घसरत नाही. तिथे वस्तूला जागा भिंतच द्यायची. आमच्या फ्लॅटची आतली भिंत चार इंच. तिच्यात कोनाडा काढला तर पलीकडे बेडरूम दिसेल. मग राहतं काय, तर वरून चिकटवायचं किंवा ठोकायचं.

चिकटवण्याचे प्रयोग झालेत. व्हॅक्यूमचा हूक बाहेरच्या हवेच्या दाबामुळे धरून राहतो. गुळगुळीत टाइलवर तो टिकतो, पण टाइलच्या सांध्यावर किंवा फोडणीचा तेलकट थर असलेल्या जागी कडेने हळूहळू हवा शिरते, आणि रात्री दोन वाजता झारा सिंकमध्ये आपटतो. दुहेरी टेपचा हूक रंगाच्या भिंतीवर लावला तर टेप घट्ट राहते, भिंतीचा रंगच पोपडा होऊन सुटतो. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या घरांत मुख्य दाराजवळ असे पोपडे गेलेले चौकोन आहेत. त्यावरून कोणाचं कॅलेंडर कुठे होतं ते सांगता येतं.

म्हणून नवऱ्याने ड्रिल काढलं. खरा प्रश्न माळेचा. घट बसले की रोज एक माळ घटावर सोडायची, आणि शेवटी फुलोरा, म्हणजे कडाकण्या-करंज्या दोऱ्यात ओवून वर बांधायच्या. वाड्यात देवघरावरच्या तुळईला लोखंडी कडी होती. ती कोणी कधी बसवली ते सासूबाईंच्या सासूलाही माहीत नव्हतं. इथे वर सिमेंटचा स्लॅब. स्लॅबला भोक पाडायचं तर आतून पंख्याच्या वायरींचे पाइप गेलेले असतात. नवरा म्हणाला, इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. हे त्याचं वाक्य मी लिहून ठेवतेय, कारण असं तो क्वचित बोलतो.

भिंतीच्या भोकाचं तो शिकला आहे. गोल बिट, मग प्लॅस्टिकची गिट्टी, मग स्क्रू. स्क्रू आत जाताना गिट्टी फुगून भोकाच्या कडेला दाबली जाते, तीच वजन धरते. हल्लीच्या हलक्या राखाडी ब्लॉकच्या भिंतीत साधी आखूड गिट्टी नुसती फिरते. तिथे लांब वेगळी गिट्टी घालावी लागते. आमची बाहेरची भिंत विटेची निघाली, आतली ब्लॉकची. हे बिल्डरच्या माहितीपत्रकात नव्हतं, भोकातून पडलेल्या भुकटीने सांगितलं. एक लाल, एक पांढरट.

शुक्रवार

थोडंच लिहिते. सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा अजून व्हायचाय. आज संध्याकाळी वीज गेली. हॉलमध्ये आम्ही तिघं मोबाईलच्या उजेडात टॉर्च शोधत होतो आणि त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून उजव्या हाताने भिंत चाचपत होत्या. वाड्यात तिथे देवळी होती. काडेपेटी तिच्यातच असायची. त्यांना शोधावं लागतच नसे, हात आपोआप तिथे जायचा.

आम्ही सगळी स्टँडं डोळ्यांना बरं दिसेल अशा उंचीवर लावत होतो.

शनिवार

लेकीला एक काम दिलं. आजीला घरातल्या प्रत्येक दाराशी उभं करायचं, न बघता हात उचलायला सांगायचा आणि जिथे तळवा टेकेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. सासूबाई आधी हसल्या. "माप घ्यायला शिंपी आलाय का गं?" मग रमल्या. "इथे काडेपेटी. इथे चष्मा. इथे नको, इथे तुझ्या बापाचं दप्तर असतं." खुणा आमच्या अंदाजापेक्षा बऱ्याच खाली आल्या. वारलीचं किल्ल्यांचं स्टँडही त्यामुळे खाली आलं. आता लेक म्हणते ते फोटोत नीट येत नाही.

चष्म्याचं मला विशेष वाटलं. त्यांची चष्मा ठेवायची जागा पलंगाशेजारी नाही, देव्हाऱ्याच्या डावीकडे आहे. कारण चष्मा काढतात तो जप करताना. ते सांगितल्याशिवाय आम्हाला कळलं नसतं. तिथे मी एक छोटी लाकडी खोबण लावून घेणार आहे. चष्म्याच्या दांड्या अडकतील एवढीच, काचा कशाला टेकणार नाहीत अशी.

चंची वापरात आणायचा लेकीचा बेत फसला. चंची म्हणजे कापडाची घडीची पिशवी, आत पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, तंबाखू यांचे कप्पे, वर गुंडाळायला दोरी. चार्जर, इअरफोन, पॉवरबँक त्यात अगदी मापात बसतात. पण तंबाखूचा वास दोनदा धुऊनही गेला नाही. इअरफोन कानात घातला की पणजोबा आठवतात म्हणे. तिने त्यांना पाहिलेलंही नाही.

रविवार

पंचपाळ्याची एक वाटी मधल्या दांड्यापासून सुटली होती, म्हणून जुन्या नाशकात गेलो. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेले, रविवार कारंज्याच्या बऱ्याच अलीकडे गाडी लावून चालत निघालो. सासूबाई वाटभर सांगत होत्या. तांबट लेनमध्ये पूर्वी सकाळपासून ठोक्यांचा आवाज असायचा, एवढा की तिथली माणसं घरातही मोठ्याने बोलायची. तांब्यापितळेची भांडी ही नाशिकची जुनी ओळख, 1883 च्या जिल्हा गॅझेटिअरमध्येही तिची दखल आहे. आता भांडी बाजारात चकचकीत माल पुष्कळ, पण त्यातला बराचसा यंत्रावर बनलेला आणि बाहेरून आलेला. हाताने मठारलेलं भांडं ओळखायचं ते ठोक्यांवरून. हातोड्याचे ठसे एकसारखे वाटले तरी तंतोतंत सारखे कधीच नसतात.

डाग देणारे, म्हणजे भांड्याचे सुटलेले सांधे जोडणारे, एक काका सापडले. त्यांनी वाटीचा तळ खरवडला, नवसागर लावला, बर्नरची ज्योत जेमतेम फिरवली आणि कथलाचा डाग दिला. मी घाबरले होते, पितळ काळंनिळं होईल म्हणून. काका म्हणाले, "एवढ्याशा आचेने पितळेला काय होतंय?" खरंच आहे. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, पितळेला नऊशेच्या आसपास लागतात. दहा मिनिटांत वाटी पुन्हा जागेवर. हळद, कुंकू, गुलाल, बुक्का, अक्षता. वर मोराची मूठ. मला हे भांडं पहिल्यापासून आवडतं, कारण त्याची शोभा उपयोगाच्या आड येत नाही. मोर धरायलाच आहे.

बाजारात दोन दुकानांत पितळी घोड्याच्या तोंडाच्या खुंट्या दिसल्या, "अँटिक लूक"च्या. घोड्याचा कान इतका टोकदार की त्याला नॅपकिन लावला तर धागा ओढला जाणार. सासूबाईंनी बोट लावून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "याला नक्की टांगायचं काय?" तो म्हणाला, "शोचं आहे, आजी." मग त्या पुढे चालू लागल्या.

त्यांच्या पिशवीत मात्र घरी आल्यावर एक लोखंडी कडी निघाली. भंगारवाल्याकडून कधी घेतली, मला कळलंही नाही.

सोमवार

इलेक्ट्रिशियन आला. स्लॅबमधला पाइप पंख्यापासून कुठून जातो ते त्याने दाखवलं, देव्हाऱ्याच्या बाजूला काही नाही म्हणाला. भोक पाडलं, लोखंडी अँकर बसवला, त्यात कालची कडी. सासूबाईंनी नवऱ्याला हाताने ओढून बघायला लावलं, मग पाण्याने भरलेली बादली अडकवून बघायला लावलं. नऊ माळांचं आणि फुलोऱ्याचं मिळून किलोभरही वजन होणार नाही, पण बादली टांगूनच झाली. खाली सतरंजी घातली होती, हे त्यातल्या त्यात.

व्यासपीठाचा वाद आजच झाला. एकाच फळीतून कोरलेलं आहे ते, मधली बिजागरी लाकडाचीच, कुठे खिळा नाही. उघडलं की इंग्रजी एक्स होतो आणि त्यावर पोथी तिरकी राहते, मान वाकवावी लागत नाही. दुपारी मी त्यावर मोबाईल ठेवून कडाकण्यांची कृती बघत होते. नवरा म्हणाला, "आईला चालेल का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी त्याच्यावर सकाळी हरिपाठ ऐकते तो कशावर ठेवून ऐकते? तूच तर लावून देतोस." तो गप्प. मग त्यांनी नियम घातला: नवरात्रात पोथी सुरू असेल तोवर मोबाईलने ओट्यावर डब्याला टेकून राहायचं, एरवी चालेल. आणि व्यासपीठावर ठेवून बातम्या बघायच्या नाहीत.

घडवंची अजून बाल्कनीतच आहे. लेक म्हणते कुंड्या ठेवू. भोकं हंड्याच्या मापाची, नर्सरीतली निमुळती कुंडी आतून सरळ खाली जाते. सासूबाईंनी परवानगी दिली आहे, पण तुळस असेल तरच, मनी प्लांट नाही. तेव्हा बुधवारी दोरीने भोकाचं माप घेऊन पुन्हा बाजारात जायचंय, रुंद काठाची मातीची कुंडी शोधायला. चमच्यांच्या टोपलीखाली अजून तरी भुकटी पडलेली नाही.