दोन मिनिटं चाळीस सेकंद

मंगळवार, रात्र.

पोपटाचा व्हिडिओ दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. आकडा त्याच्या कोपऱ्यातच लिहिलेला असतो, मी मनाने धरलेला नाही. ठाणेवालीला तो सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन राखाडी खुणा आल्या, त्या निळ्या झाल्या, आणि तव्यावरची पोळी उलटायच्या आत व्हिडिओखाली तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा येऊन चिकटला.

एवढंच झालंय. दिवसभर मनातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

त्यातली गंमत २:११ ला आहे. पोपट कुकरची शिट्टी काढतो. पहिल्या शिट्टीला काहीच होत नाही. दुसरीला आतून कुणीतरी विचारतं, "दोन झाल्या का गं?" तिसरीला आजी गुडघ्यांवर हात टेकून उठतात, ओट्यापाशी जातात आणि गॅस बंद करतात. गॅसवर दूध. कुकर लावलेलाच नाही. आजी दुधाकडे बघतात, मग वर बघतात, आणि पोपट चौथी शिट्टी देतो. आधीचं पाहिल्याशिवाय यात हसण्यासारखं काहीही नाही. दहाव्या सेकंदाला तर पडद्यावर फक्त पिंजरा आणि मागे वाळत घातलेला टॉवेल आहे. (पिंजरा. आपल्याकडचा पोपट घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे माहीत असूनही मी हसले. त्याबद्दल पुन्हा कधी.)

मग ती हसली कशाला?

आधी वाटलं, माझीच मोजणी चुकली असेल. मेसेज दाबून धरला, वरच्या तीन ठिपक्यांतून माहिती उघडली. तिथे पोहोचल्याची वेळ असते आणि वाचल्याची वेळ असते, दोन्ही मिनिटांपर्यंतच. सेकंद मिळत नाहीत. आयफोनवर मेसेज डावीकडे सरकवला की हेच दिसतं. पण कुणी हसरा चेहरा लावला तर तो कधी लावला याची वेळ कुठेच दिसत नाही. कुणी लावला एवढंच कळतं. निळ्या खुणांचा अर्थही आपण समजतो त्याहून लहान आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात त्या आल्या तेव्हापासून त्यांचा अर्थ एकच, संवाद उघडला गेला. त्यातला फोटो मोठा करून पाहिला का, व्हिडिओ चालवला का, हे त्या सांगत नाहीत. उलट, वरून खाली ओढायच्या सूचनेतच मेसेज वाचून टाकला तर सगळं वाचूनही खुणा राखाडीच राहतात. गटात तर प्रत्येकाने उघडल्याशिवाय त्या निळ्या होतच नाहीत, आणि गटात एकजण हमखास गावी गेलेला असतो.

चालवलं की नाही हे आवाजाच्या मेसेजला कळतं. त्याच्याशेजारचा छोटा माईक समोरच्याने ऐकल्यावर निळा होतो. निळ्या खुणा कुणी सेटिंगमधून बंद करून ठेवल्या असल्या तरी हा माईक निळा होतोच. व्हिडिओला असला माईक नाही. उतरवून न घेताही त्यावर चेहरा लावता येतो. धूसर चित्र, मध्ये खाली जाणारा बाण, शेजारी एमबीचा आकडा, आणि तरीही त्याखाली हसू. बोट धरून ठेवायचं, सहा चिन्हं वर येतात, एक दाबायचं. ही सोय २०२२ च्या मे महिन्यातली, आणि जुलैपासून सहाच नव्हे, हवा तो चेहरा लावता येऊ लागला.

त्याआधी निदान काहीतरी टाइप करावं लागायचं. 'हहपुवा' लिहायचो आपण. हसून हसून पुरेवाट. आणि फारच झालं तर 'हहगलो', गडाबडा लोळणं. चार अक्षरं होती, पण ती शोधून शोधून दाबावी लागायची, आणि तेवढ्या वेळात माणूस खरंच हसलेला असायचा. मग तो चेहरा आला. ऑक्सफर्डवाल्यांनी २०१५ चा वर्षाचा शब्द म्हणून हाच चेहरा निवडला होता. शब्द न निवडता चेहरा निवडला, याचं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. पण तेव्हाही तो निदान एक वेगळा मेसेज म्हणून यायचा, त्याची स्वतःची एक ओळ असायची. आता त्याला ओळही उरली नाही. माझ्याच मेसेजच्या कडेला गांधीलमाशीच्या घरट्याएवढा लटकतो.

वाईट वाटलं ते यामुळे. ती कामात असते, मला माहीत आहे. पण एखादी गोष्ट पाठवणाऱ्याने ती निवडलेली असते. हा व्हिडिओ चार जणींना पाठवण्यासारखा होता, मी एकीलाच पाठवला. कारण शिट्ट्या मोजणं, "दोन झाल्या का गं?"... जाऊ दे. ते तिला कळायला हवं होतं.

आणि मी काय निष्काळजीपणे पाठवते का? पाट्यांचंच घेऊ. पुणेरी पाट्यांचे म्हणून जे फोटो फिरतात त्यातले कितीतरी कुणीतरी घरी बसून केलेले असतात, आणि पाठवण्याआधी मी ते बघून घेते. रंगवलेली पाटी असेल तर पहिला 'ल' पाहायचा. मराठी पेंटरचा ल पाकळीचा असतो, दोन गोल पाकळ्या देठावर उमललेल्या. फोनमधल्या बहुतेक देवनागरी टंकांत डीफॉल्ट म्हणून येतो तो हिंदीचा, उजवीकडे सरळ दांडी असलेला. श चंही तसंच, आपला देठाचा. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच धरले आहेत. तेव्हा भिंतीवरच्या जुन्या तेलरंगात दांडीचा ल दिसला की शंका घ्यायची. मग 'ऱ्या' बघायचा. 'दुसऱ्यांच्या दारात गाडी लावू नये' यातला र आडवा, पापणीसारखा हवा. घाईत चिकटवलेल्या मजकुरात तिथे 'दुसर्यांच्या' असं य वर रफार चढलेलं सापडतं. मग भिंतीचा पोत. गिलाव्याला खड्डा असेल तिथे खरं अक्षर तुटतं किंवा रंग साचून जाड होतं. वरून चिकटवलेलं अक्षर खड्ड्यावरूनही इस्त्री केल्यासारखं सपाट जातं. फ्लेक्सला यातलं काही लागू नाही, तो मुळात संगणकावरच केलेला असतो, त्यावर दांडीचा ल असला तरी पाटी खरी असू शकते. आणि हिंदी वळणावर शिकलेले चांगले पेंटरही आहेत. तीनपैकी दोन गोष्टी खटकल्या तर मी पाठवत नाही.

एवढं बघून पाठवलेल्या गोष्टीवर समोरचं माणूस न बघता हसत असेल तर?

दुपारी हाच विचार फार पुढे गेला. न बघता हसणारं बोट आणि न वाचता पुढे ढकलणारं बोट एकच की काय, असं वाटायला लागलं. फॉरवर्डची ती वाकडी बाणाची खूण आपण आता बघतही नाही, पण ती कधी आली ते मला विसरता येत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज फोनाफोनांतून फिरत होते. त्याच महिन्यात ती बाणाची खूण आली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. जगभर ती २०१९ च्या जानेवारीत लागू झाली. मूळ माणसापासून पाच किंवा जास्त हात फिरलेल्या मेसेजला दुहेरी बाण लागतो, आणि २०२० च्या एप्रिलपासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. बाण असलेला मेसेज उतरवून घेऊन नव्याने पाठवला तर मात्र बाण गळून पडतो, स्क्रीनशॉट काढला तरी गळतो. म्हणून बाण नाही म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतः काढलेला फोटो आहे, असं समजू नये.

पण नाही. हे दोन एक नाहीत. हे लिहिताना कळतंय. ठाणेवालीने काही पुढे पाठवलं नाही. ती फक्त हसली. तिच्या त्या हसण्याने कुणाचं काही बिघडलं नाही. माझं सोडून.

आणि माझं तरी काय बिघडलं? व्हिडिओ लांब होता. पाठवताना मीच कापायला हवा होता. फॉरवर्डच्या बाणाने पाठवला की कापता येत नाही. तो आधी गॅलरीत उतरवून घ्यायचा, मग तिच्या संवादात क्लिपच्या चिन्हावरून निवडायचा. पाठवण्याआधी वर चित्रांची एक पट्टी दिसते, तिची दोन्ही टोकं आत ओढायची. इथे सगळे एक चूक करतात. गंमत २:११ ला आहे म्हणून २:०८ पासून ठेवतात, आणि मग ती पडते. तिसरी शिट्टी हसवते ती आधीच्या दोन ऐकल्या म्हणून. पहिल्या शिट्टीच्या थोडं आधीपासून, म्हणजे १:४५ पासून ठेवलं असतं, शेवट चौथ्या शिट्टीनंतर दोन सेकंद सोडून केला असता, तर अख्खं चाळीसेक सेकंदांत बसलं असतं. सकाळी साडेसातला चाळीस सेकंद कुणीही काढतं. दोन मिनिटं चाळीस सेकंद डब्याच्या वेळी कोण काढणार? मी तिच्या जागी असते तर 'रात्री बघते' एवढंही लिहिलं नसतं.

मग तो चेहरा काय होता?

पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे असतात. शाहीर ओळ पूर्ण करतो न करतो तोच त्यांचं 'जी जी रं जी' येतं. त्यांनी थांबून ओळीचा अर्थ लावलेला नसतो, पुढे काय येणार याची वाटही बघितलेली नसते. शाहिराचा श्वास तुटू नये, त्याला पुढची ओळ घेता यावी म्हणून ते असतात. ते नसले तर शाहीर दुसऱ्या कडव्याला थकतो. लहान मुलाला गोष्ट सांगताना ते 'हं' म्हणत राहतं, तेही असंच. 'हं' थांबलं की झोपलं समजायचं. ठाणेवालीचा चेहरा म्हणजे 'हं' होता. तू पाठवलंस, मी आहे, बोल पुढे. त्याला हसू समजले ती माझी चूक. त्या चेहऱ्याचं चित्र हसण्याचं आहे म्हणून गोंधळ होतो. सहा चिन्हांत 'हं' चा चेहराच नाही, मग तिने हाच लावला.

हे पटतंय. जवळजवळ पटलंय. पण तरी, २:११ तिने पाहिलं का?

संध्याकाळी जागा मोकळी करायला बसले होते. सेटिंग्जमध्ये स्टोरेजचं पान उघडलं की वर दोन खोके दिसतात, पाच एमबीहून मोठ्या फाइल्सचा एक आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्यांचा दुसरा. दुसरा खोका मी न बघता रिकामा करते. सुप्रभात, फुलं, चहाचे कप, त्यात राखण्यासारखं काही नसतं. त्याखाली एकेका माणसाची यादी असते, कुणी किती जागा अडवली त्या क्रमाने. ठाणेवाली सगळ्यात वर. उघडलं तर बाण असलेलं जवळपास काहीच नाही. तिच्या गॅलरीतल्या झेंडूचे फोटो. वाकडी झालेली चकली. भाजीवाल्याच्या हातगाडीवरची 'ताजि भेंडि' ही पाटी, तिच्याखाली तिने लिहिलेलं, 'दोन्ही वेलांट्या चुकल्यात पण भाजी चांगली आहे'. त्या पाटीवर मी काय लिहिलं होतं ते बघायला वर गेले. काहीच लिहिलं नव्हतं. चेहरा लावला होता. हाच.

तेव्हा भेंडी घेतली का तिने, एवढं विचारायला काय झालं होतं मला.

बाबांच्या गुडघ्याचं काय ठरलं, तेही विचारायचं राहिलंय. रविवारपासून राहिलंय.

तिला आत्ता आवाजाचा मेसेज पाठवला. चौदा सेकंदांचा. आधी बाबांचं विचारलं, मग भेंडीचं, आणि उरलेल्या वेळात तोंडाने कुकरच्या तीन शिट्ट्या काढल्या. तिसरी चांगली जमली. दोन खुणा आल्यात. माईक अजून राखाडी आहे.